वरची कोथिंबीर

आधी एवढंच झालं की लॅपटॉप घरघरू लागला.
पासवर्ड टाकावा, भाकरी थापावी,
उलटावी, फुगवून तव्यावरून काढावी,
तरी पडद्यावर ते गोल फिरतंच.

मग ट्रिनिटी मार्केटात नायजेलकडे गेलो,
किल्ल्या करणाऱ्याच्या शेजारी बसतो तो.
"सगळं पुसून नव्याने घालू," म्हणाला, "स्वच्छ होईल."
मी म्हटलं, फोटो?
फोटो त्याने काढून ठेवले. टॅक्सचे कागद, पत्रं,
केतकीची शाळेची प्रगतिपुस्तकं,
सगळं अंगठ्याएवढ्या काडीत.
चाळीस पौंड. पावती हवी का? नको.

घरी आणून उघडला. खरंच स्वच्छ.
रंग दिलेल्या रिकाम्या खोलीत
आपलाच आवाज मोठा येतो, तसं.

मग ते रुपेरी बटण दाबलं.

कीबोर्डच्या वर, उजवीकडे,
कॅमेऱ्याचं बारीक चित्र असलेलं.
पूर्वी ते दाबलं की एक खिडकी उघडायची,
तोंडावर मिशा चिकटायच्या, डोक्यावर कोंबड्याचा तुरा,
आणि लाल ठिपक्यावर टिचकी मारली की
बोललेलं साठून राहायचं.
केतकी पाच वर्षांची, पुढचे दोन दात नाहीत,
तुरा लावून बातम्या द्यायची:
आज हलमध्ये धुकं आहे.
बाबा कामाला गेले.
आईने श्रीखंड लपवलंय.

एकशे बारा बातमीपत्रं.
काडीत आहेत ती, मोजली मी.
फक्त उघडत नाहीत.
गाठ जिने मारली तिलाच सुटते,
आणि ती तर पुसली गेली.

"ते यंत्राबरोबर फुकट येतं," नायजेल म्हणाला,
"वेगळं मिळत नाही. आता तर बनवतही नाहीत."
लॅपटॉप पालथा घातला. पोटावरच्या स्टिकरवर
कधीकाळी पंचवीस आकडे-अक्षरं होती.
माझ्याच मांडीने तेरा वर्षं घासून पांढरी केलेली.
एक सात शाबूत. एकही असेल.

नवा होता तेव्हा त्याने विचारलं होतं:
तीन कोऱ्या डिस्क घाला, सगळ्याची प्रत करून ठेवतो.
मी म्हटलं, नंतर.
दर सोमवारी विचारायचा बिचारा.
नंतर. नंतर.
एकदा खाली चौकोन दिसला, 'पुन्हा विचारू नका'.
त्यात मी खूण केली.

भाजीवाली वर टाकते मूठभर कोथिंबीर, दोन मिरच्या.
फुकट ते पौष्टिक, म्हणून आपण पिशवीत कोंबतो.
आमटी उकळल्यावर कळतं,
भाजी कुठलीही चालली असती.

मी कॅराव्हॅनच्या कारखान्यात शेवटच्या टोकाला असतो.
गाडी बाहेर पडायच्या आधी यादी घेऊन आत चढतो.
पडदे. शेगडी. धुराची घंटा.
कपाटाच्या दारामागचा छोटा आरसा.
आहे, आहे, आहे, आहे.
लोक ती कुठल्याशा किनाऱ्यावर नेतात.
त्या आरशाबद्दल आजवर कुणी पत्र लिहिलेलं नाही.
मी तरी खूण करतो.

रात्री केतकीला फोन केला, ग्लासगोला.
"बाबा, तो कचरा असतो. कंपन्या पैसे घेऊन भरतात.
मी नवा लॅपटॉप आणला की पहिलं तेच काढून टाकते."
जरा थांबून,
"काय बोलायचे मी?"

सांगितलं. धुकं. श्रीखंड.

"कुठे लपवलं होतं?"
"भाज्यांच्या खणात, दुधीच्या मागे."
हसली. इंग्रजीत काहीतरी पुटपुटली.
मग मराठीत, "अजून सांगा ना."

एकशे बारापैकी मला चारच आठवत होती.
पाचवं मी तिथल्या तिथे रचलं.
तिला कळलं असावं.
तिने सहावं मागितलं.